पूर आणि बाळंतपण: दूधगंगा-वेदगंगा-कृष्णाकाठच्या घरांसाठी

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. माझं सासर कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात मलिकवाडच्या बाजूला, माहेर दूधगंगेपलीकडे महाराष्ट्रातल्या शिरोळ तालुक्यात. एरवी दत्तवाडच्या पुलावरून मोटारसायकलनं अर्धा तासही लागत नाही. 2019 च्या जुलैअखेरीस आईचा फोन आला, "आता घेऊन या पोरीला." सासूबाई म्हणाल्या, "पंचमी करून जाऊ दे की." त्या वर्षी नागपंचमी 5 ऑगस्टला होती. पूल त्याआधीच पाण्याखाली गेला. पंचमीच्या लाह्या मी सरकारी शाळेच्या वर्गात खाल्ल्या, आठ महिने उलटलेल्या पोटानं, भिंतीवरची कन्नड मुळाक्षरं वाचत.

त्यानंतर दोन वर्षांनी, जुलै 2021 मध्ये, माझी जाऊ तशीच भरल्या दिवसांची होती आणि पाणी तसंच चढलं. तिचं बाळंतपण मात्र कोरड्या खाटेवर, दिव्याच्या उजेडात झालं. दोन वेळांत फरक एवढाच होता की दुसऱ्या वेळी काय करायचं ते आम्हाला माहीत होतं. तेच इथे लिहितेय. मी डॉक्टर नाही, नर्स नाही. आशाताईंनी आणि दवाखान्यातल्या सिस्टरांनी जे शिकवलं आणि जे अंगावर आलं, तेवढंच सांगते.

1. आधी तारीख काढा

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात 9 महिने 7 दिवस मिळवा. ही तुमची अंदाजे तारीख. सोनोग्राफीच्या कागदावरही ती असते. ही तारीख जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पडत असेल आणि घर नदीकाठी असेल, तर पूर येणार असं धरूनच बेत करा. नाही आला तर चांगलंच.

तारखेच्या चार आठवडे आधी कोरड्या जागी मुक्काम हलवा, असं माझं मत. दोन आठवडे पुरतात असं पुष्कळ जण म्हणतील, पण पहिलटकरणीला कळा कधी लागतील याचा भरवसा नाही. पुरात ओझी उचलणं, जागरण, धावपळ हे सगळं होतं. मला तीन आठवडे आधीच कळा आल्या.

पाणी कधी चढणार याच्या खुणा आपल्या लोकांना तोंडपाठ असतात, पण गरोदर बाईसाठी त्या कुणी मोजत नाही. नरसोबावाडीत दक्षिणद्वार सोहळा झाला, म्हणजे नदीचं पाणी दत्तमंदिरातून दक्षिण दारानं बाहेर पडू लागलं, की लोक आंघोळीला धावतात. ज्या घरात भरल्या दिवसांची सून आहे त्या घरानं त्या दिवशी बॅग भरावी. दूधगंगाकाठी काळम्मावाडी धरणाच्या विसर्गाची बातमी ऐका, वेदगंगाकाठी पाटगावची. कृष्णाकाठी कोयना आणि राजापूर बंधाऱ्याचे क्यूसेक. गोकाककडच्यांनी हिडकल, रामदुर्ग-सौंदत्तीकडच्यांनी नविलुतीर्थ. आकडा समजला नाही तरी हरकत नाही. कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ यांपैकी तुमच्या वाटेवरच्या पुलाला पाणी टेकलं का, एवढं विचारा. टेकलं नसेल तेव्हाच निघायचं. टेकल्यावर "अजून एक गाडी जाईल" म्हणणारा एकतरी भेटतोच. त्याचं ऐकू नका.

खानापूरच्या जंगलातल्या गावांची गोष्ट आणखी वेगळी. आमगाव, गवाळी, पास्तोली, कोंगळा इथे धरणाच्या बातमीनं काही कळत नाही. नाले एका रात्रीत भरतात, आणि आजारी माणसाला खांद्यावरून आणावं लागतं. तिथल्या बाईनं मृगातच खाली उतरलेलं बरं.

2. जायचं कुठं ते ठरवा, आणि कोण ठरवणार तेही

आमच्याकडे घोळ इथेच झाला. नवरा इचलकरंजीत कामावर, सासरे गोठ्यात म्हशींपाशी, सासूबाई "त्यांना विचारून सांगते" म्हणाल्या, आणि दोन दिवस गेले. तेव्हा एका माणसाचं नाव आधीच पक्कं करा, जो फोनवर "निघा" म्हणेल आणि मग कुणी वाद घालणार नाही. ते माणूस तुम्ही स्वतः असाल तर उत्तमच.

जागा निवडताना दोन गोष्टी बघा. एक, तिथून सिझेरियनची सोय असलेल्या दवाखान्यापर्यंत मध्ये नदी आडवी येते का? दोन, तिथे रात्री कोण सोबत असेल? चिक्कोडी, अथणी, रायबाग, गोकाक, हुक्केरी, खानापूर इथे तालुका रुग्णालयं आहेत. त्यापुढे बेळगावचं जिल्हा रुग्णालय, ज्याला आपण सगळे बिम्स म्हणतो. कोल्हापूर जवळ वाटतं, पण यमगर्णीजवळ वेदगंगा हायवेवर आली की निपाणी आणि कोल्हापूरची ताटातूट होते. 2019 ला झाली, 2021 लाही झाली. पावसाळ्यात कोल्हापूरच्या भरवशावर राहू नका. निपाणीच्या अलीकडे असाल तर चिक्कोडी-बेळगावची वाट धरून ठेवा.

माहेर महाराष्ट्रात असेल तर माहेरचं गावही नदीकाठीच आहे ना, हे आधी आठवा. माझ्या माहेरच्यांना त्याच आठवड्यात होडीतून बाहेर काढलं. मी पोहोचले असते तर पोटासकट होडीत बसले असते.

गरोदरपणाचं कार्ड कर्नाटकाचं म्हणून महाराष्ट्रातल्या सरकारी दवाखान्यात बाळंतपण होणार नाही, ही भीती मनातून काढा. सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि नेणं-आणणं मोफत, हे 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे आणि तो सगळ्या देशाला लागू आहे. नवजात बाळ आजारी पडलं तर त्याचे उपचारही त्यातच येतात. प्रसूत झाल्यावर घरी सोडायला कर्नाटकात 'नगु-मगु' नावाची गाडी असते. मागितल्याशिवाय ती येत नाही.

3. बॅग

आमची पहिली बॅग म्हणजे बाळंतविडा होता. झबली, कुंची, दुपटी, डिंकाचे लाडू, सगळं. कागद एकही नाही. खालची यादी त्या चुकीतून तयार झाली.

कागद:
- तायी कार्ड. मराठी माणूस याला 'ताई कार्ड' म्हणतो आणि बहिणीचं समजतो. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. यावर तुमचा नोंदणी क्रमांक, रक्तगट, रक्तदाब, हिमोग्लोबिन, इंजेक्शनं सगळं असतं. अनोळखी डॉक्टरसमोर हेच तुमची ओळख
- सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट
- तुमचं व नवऱ्याचं आधार, रेशन कार्ड
- तुमच्या स्वतःच्या नावाच्या खात्याचं पासबुक. मातृवंदना योजनेचे पैसे याच खात्यावर येतात, सासऱ्यांच्या खात्यावर नाही

हे सगळं दोन प्लास्टिक पिशव्यांत, एकात एक, तोंड पिळून रबर लावून. आणि तायी कार्डाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून बहिणीला किंवा मैत्रिणीला पाठवा. पुरात नवऱ्याचा फोनही भिजतो.

सामान: रोजच्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या महिनाभराच्या, रक्तदाबाची किंवा साखरेची चालू असलेली औषधं, ओआरएसची पाकिटं, टॉर्च, चार्ज केलेली पॉवर बँक, सुटे पैसे, उन्हात वाळवलेली मऊ सुती कापडं भरपूर, पॅड, टोपरं आणि मोजे.

आणि एक छोटी वेगळी पिशवी, जिला हात लावायचा नाही: नवा साबण, मीटरभर स्वच्छ प्लास्टिकचा कागद, पाकीटबंद नवं ब्लेड, उकळून वाळवलेला जाड दोरा, हातमोजे, दोन धुतलेली कापडं. जगात कुठेही पूर, भूकंप, लढाई झाली की छावणीतल्या भरल्या दिवसांच्या बाईला जे पाकीट देतात, त्यात साधारण हेच असतं. पिशवी वापरायची वेळ यावी असं नाही. पण वेळ आलीच तर विळा आणि जुनं लुगडं हाताशी येऊ नये, म्हणून.

4. पाणी यायच्या आधी एकदा तपासून घ्या

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची खास तपासणी असते. जूनची 9 तारीख चुकवू नका. बीपी, हिमोग्लोबिन, बाळाची दिशा एवढं तरी विचारून घ्या. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते कार्डावर बघा, पुराच्या चिखलात ते फार कामाचं. आधीचं सिझेरियन, जुळं, पायाळू बाळ, वाढलेलं बीपी किंवा अंगात रक्त कमी, यातलं काही असेल तर चार आठवड्यांचा हिशोब सोडा आणि सिस्टर सांगतील तेव्हा निघा.

आशाताईंना तुमची तारीख तोंडपाठ करून टाका. गाव हलवायची वेळ येते तेव्हा त्यांच्या वहीतली नावं आधी बाहेर निघतात. त्या वहीत तुमची "माहेरी गेली" अशी नोंद असेल आणि प्रत्यक्षात घरीच असाल, तर बोट तुमच्या दारात येणार नाही. माझं तसंच झालं होतं.

5. 108 ला फोन

फुकट आहे, दिवसरात्र आहे. पण सीमेवर आहात हे विसरू नका. तुमचा फोन कधी या राज्याच्या टॉवरवर, कधी त्या. म्हणून पहिलं वाक्य नेहमी हे: "कर्नाटक, बेळगाव जिल्हा, चिक्कोडी तालुका, अमुक गाव." मग किती महिने, कळा कधीपासून, पाणी गेलं का, रक्त जातंय का. मग वाट: "गावाचा पूल बंद, अमुक फाट्यापर्यंत गाडी येते, तिथवर आम्ही ट्रॅक्टरनं आणतो." ही भेटायची जागा आधी ठरवून ठेवा. आमच्या ड्रायव्हरला पूल बंद असल्याचं पुलापाशी आल्यावर कळलं आणि तासभर गेला.

पलीकडून कन्नड आलं तर घाबरू नका. "हेरिगे नोवु" म्हणजे बाळंतकळा. "गर्भिणी" आणि "रक्तस्राव" आपल्यासारखंच. बाळंतीण "बाणंती", मूल "मगु". "तक्षण बन्नी" म्हणजे लगेच या. एवढं पुरतं. बाकी सगळे मराठीत समजून घेतात, नुसतं हळू बोला.

108 लागत नसेल तर 112. बोट, सुटका यासाठी जिल्ह्याचा आपत्ती कक्ष 1077. तब्येतीचा सल्ला हवा असेल तर 104.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादीखाली उसाचा पाला किंवा कडबा जाड अंथरा, बाईला डाव्या कुशीवर झोपवा, सोबत दोन बायका बसवा. पुरुष पुढे. माझ्या सोबतीला पंधरा माणसं चढली होती, त्यातली अकरा बघायला.

6. काळजी केंद्रात

पूरग्रस्तांच्या सरकारी छावणीला पूर्वी गंजी केंद्र म्हणत, आता काळजी केंद्र. काळजी हा शब्द दोन्ही भाषांत एकच, त्यामुळे नाव तरी कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बहुतेक ते शाळेतच असतं.

पोचल्याबरोबर नोंदवहीत तुमच्या नावापुढे "गर्भिणी" आणि महिना लिहायला लावा. लाजू नका. माझ्या नावापुढे फक्त "स्त्री, वय 23" होतं, आणि डॉक्टरांचं पथक दुपारी येऊन गेलं तेव्हा मला कुणी हाक मारली नाही.

मग या गोष्टी मागून घ्या: कडी लागणारी खोली गरोदर आणि बाळंतिणींसाठी, संडासाजवळ पण संडासाला लागून नाही. रात्री दिवा. पिण्याचं पाणी उकळलेलं, चांगलं खळखळून, नाहीतर क्लोरीनच्या गोळीचं. संडासाला लांब जावं लागतं म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, मीही पीत नव्हते. मग लघवीला जळजळ, ताप, आणि त्यातून वेळेआधी कळा. पाणी प्या आणि सोबत घेऊन जा. रात्री एकटीनं अंधारात जाऊ नका, सापही कोरडी जागाच शोधत असतो. अनवाणी चिखलात फिरू नका.

छावणीत जेवण मिळतं, पण भात-सांबार भात-सांबार. डाळ, शेंगदाणे, गूळ, केळी घरून आणता येतील तेवढी आणा. अंगणवाडीताई जवळपास असतील तर गरोदर बाईचा आहार तिथेच मागा.

7. वाटेतच झालं तर

मुलगी माझी ॲम्ब्युलन्समध्ये झाली. फाट्यापासून पुढे चार किलोमीटरही गेलो नसू. गाडीत शिकलेला माणूस होता म्हणून निभावलं. तसा कुणी नसेल तर सोबतच्या बाईनं एवढं लक्षात ठेवावं. फोन चालू ठेवा, स्पीकरवर टाका.

हात कोपरापर्यंत साबणानं धुवा. खाली स्वच्छ प्लास्टिक, वर धुतलेलं कापड. बाळाला ओढायचं नाही, पोट दाबायचं नाही, आत हात घालायचा नाही. बाळ बाहेर आलं की लगेच कोरड्या कापडानं खसखसून पुसा, डोकं आणि पाठ आधी. बहुतेक बाळं एवढ्यानंच रडतात. नाही रडलं तर पाठ चोळा, तोंडात घाण दिसत असेल तर कापडानं टिपा. उलटं धरून चापट्या मारायच्या नाहीत. तरी श्वास नसेल तर फोनवरचा माणूस सांगेल तसं करा, थांबू नका.

मग ओलं कापड टाकून बाळ आईच्या उघड्या पोटावर-छातीवर, वरून कोरडं कापड, डोक्यावर टोपरं. नाळ कापायची घाई नको. गाडी येणार असेल तर कापूच नका, बाळ आईच्या अंगावर तसंच राहू दे. मदत लवकर येणारच नसेल तर नाळेची धडधड थांबल्यावर दोन ठिकाणी उकळलेल्या दोऱ्यानं घट्ट बांधा आणि मध्ये नव्या ब्लेडनं कापा. कापलेल्या टोकावर काही लावायचं नाही. राख नाही, हळद नाही, शेण नाही, तेलही नाही. माझ्या आजेसासूबाई डबीत भंडारा घेऊन बसल्या होत्या. तो त्यांनी माझ्या कपाळाला लावला, तेवढं चालतं.

वार आपोआप पडू द्या, नाळ ओढू नका. अर्ध्या तासात पडली नाही तर ते दवाखान्याचंच काम, तोवर बाळ छातीला लावा. वार पडल्यावर बेंबीखाली हात ठेवून बघा. गर्भपिशवी नारळासारखी कडक लागली पाहिजे. मऊ लागली तर गोल गोल चोळा. अंगावरून जाणं थांबत नसेल, पॅडमागून पॅड भराभर भिजत असेल, बाई गार पडत असेल, तर सगळं सोडून दवाखाना. बाळंतीण जास्त करून यातच जाते, आणि फार वेळ देत नाही.

8. बाळाला ऊब आणि दूध

बाळ 2 किलो 100 ग्रॅमचं. अडीच किलोच्या आतलं बाळ म्हणजे कमी वजनाचं. दवाखान्यात सिस्टरनं माझ्या झंपरची बटणं सोडली, लंगोट-टोपरं-मोजे एवढ्यावर पोरगी दोन स्तनांच्या मध्ये बेडकासारखी पालथी ठेवली, मान एका बाजूला वळवली आणि वरून सासूबाईंच्या नऊवारीचा पदर फिरवून गाठ मारली. "आता हीच पेटी," म्हणाली. कांगारू पद्धत म्हणतात तिला. वीज नको, यंत्र नको. मी दमले की नवरा शर्ट काढून बसायचा. बघायला आलेल्या मामंजींना पहिल्या दिवशी ते फारच अवघड गेलं, दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले, "आता तू झोप, त्याला दे."

पहिल्या 24 तासांत आंघोळ नको. धुरी-शेगडीही नको, विशेषतः बंद खोलीत किंवा ताडपत्रीखाली. वावडिंग-ओव्याचा धूर बाळाच्या छातीत जातो आणि कोळशाच्या शेगडीनं बंद खोलीत माणूस झोपेतच जातं. शेक पाहिजेच असेल तर गरम पाण्याची पिशवी, तीही आईला.

दुधाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण छावणीत सर्वांत जास्त चुका इथेच होतात. पहिल्या तासात बाळ छातीला लावा. पहिलं पिवळसर चिकाचं दूध टाकून द्यायचं नाही, तेच बाळाचं पहिलं औषध. मध, गुळाचं पाणी, गुटी, साधं पाणी, सहा महिने काही नाही.

छावणीत दुसऱ्या दिवशी एक काकी म्हणाल्या, "पोरीनं पुराचा धसका घेतलाय, दूध आटलं असणार." झालं. तासाभरात कुणीतरी दुधाच्या पावडरचा डबा आणि बाटली आणून दिली. भल्या मनानंच दिली. पण धसक्यानं दूध आटत नाही. भीती आणि थकव्यानं ते उतरायला वेळ लागतो, एवढंच. बाईला कोपऱ्यात आडोशाला बसवा, पाठीवर हात फिरवा, पाणी-पेज द्या, बाळ पुन्हा पुन्हा लावा. चोखण्यानंच दूध वाढतं. बाटली मात्र पुराच्या पाण्यात धुतली की त्यातून हगवण ठरलेली, आणि दोन किलोच्या बाळाला हगवण म्हणजे खेळ संपला. आपल्याकडे 1992 पासून कायदाच आहे की बाळाच्या दुधाची पावडर आणि बाटल्या कुणी अशा वाटायच्या नाहीत, अनाथालयं सोडून. मदत घेऊन येणाऱ्या मंडळांना हे हात जोडून सांगा: आईला डाळ, अंडी, शेंगदाणे, पॅड, सुती कापड द्या. ज्या बाळाची आईच नाही किंवा फार आजारी आहे, त्याचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील, आणि तिथेही वाटी-चमचा, बाटली नको.

बाळाला चोखता येत नसेल तर हातानं दूध काढून वाटी-चमच्यानं पाजा. मी नऊ दिवस तसंच पाजलं.

9. हे दिसलं तर थांबायचं नाही

गरोदर बाई: अंगावरून रक्त, डोकं फुटेल असं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा-हात सुजणं, झटका, ताप, पाणी जाऊन कळा नाहीत, बाळाची हालचाल कमी. डोकेदुखी आणि सुजेला आपल्याकडे "जागरण झालं" म्हणतात. आधी बीपी मोजा, मग जागरणाला दोष द्या.

बाळंतीण: वरचं सगळं, शिवाय घाणेरड्या वासाचं जाणं, पोटात कळ, पोटरी सुजून दुखणं.

बाळ: प्यायचं बंद, अंग गार किंवा तापलेलं, मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, झटका, हलवल्याशिवाय न हलणं, पहिल्याच दिवशी पिवळं पडणं किंवा तळहात-तळपाय पिवळे, बेंबीभोवती लाली किंवा पू. लहान बाळाला ताप येतोच असं नाही, गार पडणंही तितकंच वाईट.

एका दवाखान्यात, नाव घेत नाही, "आधी डिपॉझिट भरा" म्हणून आम्हाला बाहेर उभं केलं होतं. मग सरकारी दवाखाना गाठला. असं झालं तर वाद घालत बसू नका, पुन्हा 108 लावा.

10. पाणी ओसरल्यावर

सगळे घराकडे पळतात. पंचनामा, चिखल, भांडी. बाळंतीण मात्र ओल्या भिंतींच्या खोलीत एकटी पडते. घर धुऊन, चुना मारून, नीट वाळेपर्यंत तिला आणि बाळाला तिथे नेऊ नका. पाचवी पूजायची तर दवाखान्यात उशाशी सुपारी ठेवूनही पुजता येते. आमच्या सटवाईनं काही तक्रार केली नाही.

जन्मल्यावर बीसीजी, पोलिओचा डोस आणि 24 तासांच्या आत हिपॅटायटिस बीचं इंजेक्शन द्यायचं असतं. वाटेत जन्मलेल्या बाळाचं हे हमखास राहतं, विचारा. आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येऊन बाळ बघतात. तुम्ही दुसऱ्या गावी असाल तर तिथल्या आशाताईंना स्वतः सांगा, नाहीतर दोन गावांच्या मध्ये तुम्ही हरवता.

आणि एक, जे आमच्याकडे कुणी बोलत नाही. घर गेलेलं, बाळ रडतंय, आणि बाईला आंघोळ करावीशी वाटत नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही. चार-आठ दिवस रडू येणं साहजिक. दोन आठवड्यांवर गेलं तर डॉक्टरला सांगा. 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी नंबरवर फुकट बोलता येतं. मला तीन महिने पाऊस वाजला की छातीत धडधडायचं.

11. जन्माची नोंद

नोंद जन्म झाला तिथेच होते, सासर किंवा माहेर म्हणून नाही. 21 दिवसांत फुकट. दवाखान्यात झालं असेल तर दवाखाना करतो. छावणीत किंवा घरी झालं तर घरच्यांनी जाऊन सांगायचं. चालत्या गाडीत झालं तर गाडी जिथे पहिल्यांदा थांबली तिथे. माझा नवरा हे माहीत नसताना आधी आमच्या पंचायतीत, मग माझ्या माहेरच्या ग्रामपंचायतीत जाऊन आला. नोंद व्हायची होती आम्ही उतरलो त्या दवाखान्यात. ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून आधारपर्यंत हाच दाखला लागतो, त्यामुळे आता तर हे सोडूच नका.

नाव ठरलं नसेल तरी नोंद करा, बारसं नंतर. वर्षाच्या आत नाव फुकट घालता येतं. आमच्या पोरीला सगळी छावणी 'गंगा' ठेवा म्हणत होती. माझी गोठ्याकडची भिंत नेली त्या पाण्याचं नाव मी दिवसात दहा वेळा हाक मारून घेणार नव्हते.

दाखला कन्नड आणि इंग्रजीत मिळतो. फॉर्म भरताना आई-बापाचं नाव आधारवर आहे तसं इंग्रजीत एका चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवा, तोंडी सांगू नका. सही करण्याआधी कन्नड वाचता येणाऱ्या कुणाकडून एकदा वाचून घ्या. आमच्या आडनावातला 'ळ' इंग्रजीत तीन कागदांवर तीन तऱ्हांनी उतरलाय, आणि पोरगी पहिलीत गेली तरी तो अजून दुरुस्त होतोय.